अंगठ्याएवढी जागा

“हालू नको!”

काका हे मातीच्या घोड्याला सांगत. घोडा वीतभर उंचीचा, भाजलेल्या मातीचा, सातपुड्यातल्या कुठल्याशा देवाला कुणीतरी नवस फेडताना वाहिलेला. तो कशाला हलतोय? पण काकांचा उजवा हात वर जायचा, दोन बोटं हवेत थांबायची, डावा डोळा किंचित बारीक व्हायचा, आणि “हालू नको” म्हटल्याशिवाय कॅमेऱ्याचं बटण काही दाबलं जायचं नाही. एकदा मी न राहवून म्हटलं, “काका, तो मातीचा आहे.”

“म्हनीसन तं ऐकस,” काका त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “सारंगखेडाना जत्रामा जित्ता घोडासले सांगी सांगी मन्हं नरडं सुकी गयं. एक बी उभा ऱ्हायना नही.”

नंदुरबारात ज्यांची लग्नं मोबाइल यायच्या आधी झाली, त्यांनी आपला अल्बम काढून पाहावा. नवरा-नवरीच्या दोघांच्याही हनवट्या एकाच कोनात वर उचललेल्या असतील तर तो काकांच्या हातचा फोटो. ती हनवटी ते स्वतः दोन बोटांनी धरून वळवत, मग समोर कुणी का असेना. बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता. तो मोबाइलमुळे बंद पडला असं लोक म्हणतात. काकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते लोकांना आता एका जागी उभं राहता येत नाही, म्हणून स्टुडिओ बंद करावा लागला.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की दोन मोठी माणसं खोलीत बसून घोडाघोडा खेळत होती. मी इथल्या एका संस्थेच्या छोट्या संग्रहालयात नोकरी करते. डोंगरातल्या आणि सपाटीवरच्या गावांतून जमवलेल्या वस्तू आमच्याकडे आहेत. चांदीचे दागिने, लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या, मातीचे घोडे. या वस्तू संगणकावर अशा उतरवायच्या ठरल्या की कुणालाही घरबसल्या त्या चहूबाजूंनी फिरवून पाहता याव्यात. त्यासाठी वस्तू एका फिरत्या चाकावर ठेवायची, जराशी फिरवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा जराशी फिरवायची, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो जमले की संगणक ते एकमेकांशी ताडून पाहतो आणि वस्तूचा आकार खाचाखोचांसकट पडद्यावर उभा करतो. मी ते पुण्याला जाऊन शिकून आले होते. शिकून आले होते म्हणजे प्रमाणपत्र घेऊन आले होते. इथे खोकी उघडली, दिवे मांडले, आणि पहिल्याच घोड्याला चार दिशांना चार सावल्या पडल्या.

तेव्हा आमच्या सरांनी काकांना बोलावून घेतलं. काका आले, दाराशीच थांबले आणि दिव्यांकडे पाहून म्हणाले, “हाई काय लगीनना मांडव शे?” मग त्यांनी माझे दिवे भिंतीकडे तोंड करून उभे केले, वरून एक जुनं धोतर ताणून बांधलं, आणि सावल्या पुष्कळशा मऊ झाल्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं सामानही घेऊन आले. स्टँड, पांढऱ्या छत्र्या, शिवाय एक आरसा, एक फणी आणि पावडरचा मोठा पत्र्याचा डबा. फणी कशाला हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं.

मला ते बेन, म्हणजे बहीण, म्हणत. त्याच दिवशी काम आटोपताना त्यांनी चाकावर हात ठेवून विचारलं, “बेन, कच्ची माती चालस का येन्हावर?”

मी म्हटलं, चालते की. कुठली कच्ची माती?

मग त्यांनी सांगितलं. घरी एक बैल होता, पोळ्याचा. काकू दर पोळ्याला धानोऱ्याकडच्या शेतातली काळी माती आणून घरी बैलजोडी करायच्या. भाजायची वगैरे भानगड नाही, नुसती उन्हात वाळवायची. पूजा झाली की बैल शेजारच्या पोरांना खेळायला. काकू गेल्या त्या वर्षीच्या जोडीतला एक बैल पोरांनी नेला आणि त्याची माती झाली. दुसरा फळीवर राहून गेला. काकूंची एक सवय होती. बैल पुरा झाला की वशिंडाच्या मागे पाठीवर त्या अंगठा दाबायच्या. काका विचारायचे, हे काय? त्या म्हणायच्या, “बसाले जागा.” कुणाला बसायला? “कोनी बी बसो.”

तो अंगठा त्या बैलावर अजून होता. आणि बैल झिजत चालला होता. नुसता हात लावला तरी बोटांना माती लागायची. दिवाळीनंतर मुलगा काकांना सुरतेला राहायला नेणार होता आणि कच्च्या मातीचा बैल सुरतेपर्यंत धड पोचेल याची खात्री कुणालाच नव्हती. काकांना तो जायच्या आत संगणकात उतरवून हवा होता. मला हे कळलं तेव्हा मी लगेच म्हटलं, उद्याच आणा. त्यांनी मान हलवली.

“पैले हात बसू दे. तो एकदाच उतरी फळीवरथीन. दोनदा बठाडाले ऱ्हावाव नही.”

बैल दुसऱ्यांदा चाकावर बसवायला उरणार नव्हता, म्हणजे आमचे सगळे घोडे आणि फण्या ही काकांच्या लेखी रंगीत तालीम होती. मला आधी थोडा राग आला, मग तो गेला. काकांवर राग फार वेळ टिकवता येत नसे.

हात बसायला मात्र वेळ लागला. एक दिवस मी बैठकीत अडकले होते. परत आले तर काकांनी घोड्याचे सगळे फोटो काढून ठेवलेले, आणि घोड्याच्या मागे स्टुडिओतला त्यांचा लाडका पडदा टांगलेला. त्यावर धबधबा, दोन हंस आणि डाव्या कोपऱ्यात कठडा. काळ्यापांढऱ्या काळापासून अर्ध्या जिल्ह्याने त्या धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढले आहेत. मी कपाळावर हात मारला. घोडा फिरत होता पण पडदा जागचा हलत नव्हता. संगणकाला जास्त ओळखीच्या खुणा पडद्यावरच सापडल्या. त्याने घोडा टाकून दिला आणि धबधबा उचलला. संगणकावर आम्ही पाहतो तो हंसांच्या माना सुरेख आलेल्या आणि घोड्याच्या जागी लालसर काहीतरी सांडलेलं.

काका संगणकापुढे वाकले. “धबधबा भारी उना,” ते म्हणाले. त्यानंतर मागे साधी पांढरी चादर लावायला ते तयार झाले, पण पडदा घरी काही नेला नाही, खोलीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवला.

‘तयार’ या शब्दाने तर आमचा घातच केला. एका संध्याकाळी निघताना मी त्यांना म्हटलं, “काका, उद्या चांदीचे दागिने घेऊ. सकाळी लवकर आलात तर तयार ठेवा.” मला म्हणायचं होतं की डब्यांतून काढून टेबलावर ओळीने ठेवा. पण तुम्हीच सांगा, फोटो स्टुडिओत ‘तयार’ म्हणजे काय? तयार होऊन या म्हणजे नटूनथटून या. सकाळी मी पोचले तर काकांनी चिंच आणि रांगोळी घेऊन दोन कडी आणि एक हार लखलखीत घासलेला. किती वर्षांचा काळपटपणा होता त्यावर, तो सगळा बादलीत. मी ओरडले. सरही ओरडले. शिवाय चकचकीत वस्तू या कामाला बिलकुल चालत नाही. तिच्यावर दिवेच दिसतात, तिचा स्वतःचा पृष्ठभाग दिसतच नाही. कड्याचा आकार पडद्यावर आला तो चाळणीसारखा भोकाभोकांचा.

काका खिडकीशी जाऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळाने अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, “बेन, फोटोले कोनी मळकं जास का?”

मला हसू आलं. मग मी सांगितलं की चमक मारायला वरून काहीतरी भुरभुरावं लागतं, पावडरसारखं. ‘पावडर’ म्हणताच ते उठले. “मंग पैलेच सांगाना!” पत्र्याचा डबा उघडला. हा डबा काकूंचा. स्टुडिओत नवरीच्या तोंडाला पावडर लावायचं काम त्यांचं होतं, कपाळावर घाम दिसला की काका आतून ओरडायचे आणि त्या पफ घेऊन धावायच्या. आम्ही आधी एका साध्या कड्यावर करून पाहिलं, नीट पुसून निघतंय ना याची खात्री केली. मग कड्यांना, हाराला पावडर लागली आणि आकार स्वच्छ उतरला. काका इतके खूश झाले की दिवसभर डबा हातातून सोडेनात.

हळूहळू आमची घडी बसली. वैशाखातसुद्धा पंखा बंद, कारण वाऱ्याने वस्तूंना बांधलेले दोरे आणि पिसं हलायची. काका डोक्यावर ओला पंचा टाकून बसायचे. कॅमेरा तीन उंचींवर लावायचा असतो. त्या उंचींना माझ्या पुस्तकात अवघड नावं होती, काकांनी ‘बसेल’, ‘उभा’ आणि ‘धाबावर’, म्हणजे गच्चीवरून, अशी ठेवली. आजही मी तीच वापरते. टेबलाच्या पायांखाली त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते, तरी मागच्या रुळांवरून मालगाडी गेली की टेबल थरथरायचं. मग काका हात वर करून सगळ्या खोलीला थांबवायचे. “गाडी जाऊ दे.” गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प. एरवी अखंड बोलणारा हा माणूस त्या तेवढ्या वेळात अगदी लहान दिसायचा. गाडी सुरतेकडे जाणारी असली तर तो वेळ आणखी लांबायचा, गाडी गेल्यावरही हात वरच असायचा.

मोलगीकडची एक बाई एकदा आली होती. तिच्या पाड्यावरच्या देवाचे घोडे आमच्याकडे आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, ते बघायला आली. घरात पावरी बोलणारी, आमच्याशी अडखळत मराठीत. चाकावर घोडा फिरताना पाहून आधी ती हसली, मग तिने मान हलवली. “आमचा घोडा असा नाय फिरत,” ती म्हणाली आणि हाताने उलट्या बाजूने गोल काढून दाखवला. जातं असं फिरतं, आमचा नाच असा फिरतो, मग घोडा तसा कसा? काका आरतीच्या हाताने चाक फिरवत, डावीकडून उजवीकडे. त्यांनी वाद घातला. देवाची प्रदक्षिणा, घड्याळाचा काटा, सगळं सांगून पाहिलं. ती नुसती ऐकत राहिली आणि जाताना पुन्हा एकदा तोच गोल हाताने काढून गेली.

दुसऱ्या दिवसापासून काका डोंगरातल्या वस्तू उलट्या बाजूने फिरवायला लागले. मी म्हटलं, “काका, मशीनला काही फरक पडत नाही. कसंही फिरवा.”

“मशीनले नही पडत,” काका म्हणाले. “तिले पडस.”

पोळा आला. मी बाजारातून मातीच्या बैलांची एक जोडी आणली, म्हटलं कच्च्या मातीवर एकदा सराव करून घेऊ. काकांनी एक बैल हातात घेतला, पालथा केला, पाठीवरून बोट फिरवलं. “साचाना शे,” म्हणाले आणि खाली ठेवला. सराव आम्ही त्याच्यावरच केला. चांगला उतरला. मी म्हटलं, आता तरी आणा. तर म्हणाले, दिवाळी होऊ दे. त्यांच्याकडून बातम्या मात्र येत असायच्या. आज पायाखाली माती पडलेली दिसली. आज डावा कान गेला. घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं सांगायचे. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. फळीवरून उतरवताना तो हातात फुटला तर, या भीतीपेक्षा तो फळीवर दिसतोय तोवर दिसू दे, हे त्यांना बरं वाटत असावं.

दिवाळी झाली. सुरतेहून सून आली, काकांना घेऊन जायला. मुलगा मागाहून सामान न्यायला येणार होता. सून गुणी मुलगी, तिथेच वाढलेली, सासऱ्यांना पप्पा म्हणणारी. काकांनी तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं, “उद्या बैलना फोटो शे. तयार ठेवजो.”

तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या नाही आलं.

सकाळी ते दोघं आले. काकांनी दोन्ही हातांवर डबा धरलेला, एक एक पाऊल जपून टाकत. डबा सुनेनेच कापूस घालून बांधून दिला होता. टेबलाशी आल्यावर त्यांनी हात पुसले, झाकण उघडलं, कापूस बाजूला केला.

बैल लालभडक होता. चकचकीत ऑइलपेंट. पाठीवर हिरवी झूल, तिच्यावर सोनेरी ठिपके. शिंगांना गुलाबी नेलपॉलिश. गेलेला डावा कानसुद्धा तिने कुठल्याशा पुट्टीने करून बसवला होता. माती पडते म्हणून आधी एक हात रंगाचा, सुकल्यावर दुसरा. रात्रभर जागून केलं होतं. आमच्याकडे पोळ्याला खऱ्या बैलाला इतकं प्रेमाने कुणी सजवत नसेल.

“पप्पा, मस्त लागतो ना?” ती म्हणाली.

मी काकांकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. मग काकांचा आवाज आला, अगदी नेहमीचा.

“भारी करना बेटा. सिंगं तं एक नंबर.”

ती खुलली. काकांनी तिला आमच्या शिपायाबरोबर बाहेरचे दागिने बघायला पाठवून दिलं. ती दाराबाहेर पडल्यावर माझ्याकडे वळले आणि हळू विचारलं, “बेन, अंगठा गया का?”

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण ते पडद्यावर दिसणारच होतं. मी म्हटलं, “माहीत नाही काका. रंग वरवर असेल तर खालचा खड्डा सापडेल. भरून गेला असेल तर नाही सापडणार.” झुलीचा हिरवा रंग त्या जागी खरंच जाड होता. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, फक्त दिव्याची चमक दिसत होती.

काकांनी पावडरचा डबा उघडला. पफ घेतला. बैलाच्या कपाळापासून सुरुवात करून मानेवर, वशिंडावर, पाठीवर, इतकं हलक्या हाताने लावलं की मला वाटलं त्यांचा हात बैलाला लागतच नाहीये. लाल बैल गुलाबी झाला, मग धुरकट झाला. चमक गेली. त्यांनी तो चाकावर ठेवला, बाजूला मापाची ठिपक्यांची पट्टी ठेवली आणि आम्ही सुरू केलं. बसेल. उभा. धाबावर. चाक तेच फिरवत होते, बटण मी दाबत होते. त्या दिवशी ते बैलाला काहीच म्हणाले नाहीत. मध्ये मालगाडी आली, आम्ही थांबलो, गेली, पुन्हा सुरू केलं. पोटाखालचे फोटो घ्यायला बैल आडवा करावा लागतो. तो त्यांनी करू दिला नाही. “ऱ्हाऊ दे. ती बाजू तिनी बी कव्हय दखाडी नही.” म्हणून आमच्या त्या बैलाच्या पोटाखाली आजही भोक आहे.

संगणक त्याचं काम करत होता तेवढ्यात आम्ही चहा घेतला. सूनही परत येऊन बसली. तिने सुरतेच्या घराबद्दल सांगितलं, गॅलरीतून रस्ता कसा दिसतो, पप्पांसाठी कुठला पलंग ठेवलाय. काका हं हं करत होते. त्यांचा चहा गार झाला.

बैल पडद्यावर उभा राहिला तो अगदी तसाच, धुरकट लाल, हिरव्या झुलीचा. सुनेने टाळी वाजवली. मी पाठ मोठी करून दाखवली. झूल, ठिपके. खड्डा काही दिसेना. काका पुढे झुकून बसले होते, ते मागे टेकले.

मग मी रंग काढला. म्हणजे संगणकावरचा. तशी सोय असते. वस्तूचा रंग काढून टाकायचा आणि नुसता आकार ठेवायचा, राखाडी. झूल गेली, ठिपके गेले, शिंगांचा गुलाबीपणा गेला. मी बाजूने उजेड पाडला आणि बैल हळूहळू वळवला. वशिंडाच्या मागे सावली पडली. लहानशी, लांबट. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ, अंगठा जरा तिरका टेकला होता तशी. रंगाने कडा बोथट झाल्या होत्या पण खोल बाजूला नखाची कोर राहिली होती. दिसली ती मला. काकांना माझ्या आधी दिसली असावी, कारण त्यांनी माझं मनगट धरलं.

“मोठं कर.”

मी मोठं केलं. आणखी, म्हणाले. बैल पडद्याबाहेर गेला, नुसता खड्डा राहिला, परातीएवढा. ते पाहत राहिले. सून माझ्याकडे पाहत होती. तिला आता कळायला लागलं होतं, तिच्या तोंडावर हात गेला होता. काकांनी मागे न बघता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“आते तिन्हाएवढं कर,” ते मला म्हणाले.

मापाची पट्टी आम्ही त्याचसाठी ठेवतो, वस्तूचा खरा आकार कळावा म्हणून. मी पडद्यावर खरं माप लावलं. खड्डा लहान होत होत खरोखर होता तेवढा झाला. काकांनी आपला अंगठा त्याच्यावर धरला, काचेला न टेकवता. खड्डा पुरता झाकला गेला. त्यांनी अंगठा काढला, पाहिलं, पुन्हा धरला.

“एवढासा व्हता,” ते म्हणाले. “आख्खा गावना लोकेसनी तोंडं देखी मी. हाई कव्हय देखंच नही.”

मी त्यांना म्हटलं की असा बैल प्लास्टिकमध्ये काढूनही मिळतो, सुरतेत तर सहज मिळेल, हुबेहूब, फुटायची भीती नाही. त्यांनी हात हलवला.

“बैल नको माले. खड्डा जोयजे. नुसता खड्डा कसा देशी?”

मी बैलाची फाइल जपून ठेवली.

काका गेले ते सकाळच्या गाडीने. स्टेशनवर मी गेले होते. बैलाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि समोर बसलेल्या एका अनोळखी माणसाची हनवटी किती खाली आहे याबद्दल त्याला समजावून सांगत होते. गाडी हलली तरी सांगत होते.

त्यांच्यानंतर आमची खोली फार नीटनेटकी झाली. दिवे जागच्या जागी, चादर पांढरी, कामं वेळेवर. मी एकटी चाक फिरवते. डोंगरातलं असेल तर उलटं. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाची फार आठवण येते. त्यांच्या चुका निस्तरण्यात माझे दिवसच्या दिवस जायचे, ते दिवस मला परत हवे आहेत. नवीन वस्तू चाकावर ठेवली की पहिला फोटो घ्यायच्या आधी मी क्षणभर थांबते. कशासाठी ते माझं मलाही सांगता येत नाही. मग बटण दाबते. कधी काम नसलं की तो बैल उघडते, रंग काढते, आणि बसते.

काकांचा फोन मध्ये मध्ये यायचा. सुरतेला गर्दी फार, भाजी गोड, लोक चांगले. गॅलरीतून रस्ता दिसतो पण ओळखीचं कुणी जात नाही. एकदा दुपारी फोन आला आणि नेहमीसारखी चौकशी न करता ते म्हणाले, “बेन, बैल गया.”

नातीने खेळायला घेतला होता. गॅलरीत, फरशीवर. रंगाचं टरफल तेवढं राहिलं, आतल्या मातीची पार भुकटी झाली. सुनेने ती माती कुंडीत घातली, तुळशीच्या.

“रागे भरनात का पोरले?” मी विचारलं. मीही कधी अहिराणीत शिरले ते कळलं नाही.

“कसाले? पोरेसना खेळाकरताच करे ती.”

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी हिंदीत ओरडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, फार हळू, जणू घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये.

“बेन, ती शे ना तुन्हाजोडे?”

बैलाला कुणी ‘ती’ म्हणत नाही. मराठीत नाही आणि अहिराणीतही नाही.

“शे काका,” मी म्हटलं. “आठेच शे. बरी शे.”